पोर्ट ब्लेअरला चार दिवस द्या

आईला कुणीही भेटलं की ती दुसऱ्या मिनिटाला विचारते, गाव कोणतं तुमचं? रिक्षावाले असोत, बँकेतली मुलगी असो, नाहीतर दाताचे डॉक्टर. तर पोर्ट ब्लेअरच्या एअरपोर्टबाहेर आमच्या बॅगा डिकीत टाकून ड्रायव्हरदादा सीटवर बसतायत न बसतायत तोच आईने तिच्या हिंदीत विचारलं, आप मूल कहाँ के? ते म्हणाले, यहीं के. आई म्हणाली, हो, पण त्याच्या आधी? वडील, आजोबा? त्यांनी गाडी सुरू केली आणि एकदम साध्या आवाजात सांगितलं की परदादा कैदी म्हणून आले होते, परदादी पण कैदी म्हणूनच आली होती, ते यूपीकडचे, ती मद्रासकडची, गावं कुठली ते आता घरात कुणालाच माहीत नाही. हम लोग लोकल बॉर्न हैं, अम्मा.

आई पुढचा प्रश्न विचारायचं विसरली. मी आईला इतकी वर्षं ओळखते, गाव विचारल्यावर समोरच्याकडे उत्तरच नाही असं तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

अंदमानला जाणाऱ्या आपल्या लोकांचं साधारण ठरलेलं असतं. दुपारी उतरायचं, संध्याकाळी सेल्युलर जेल आणि तिथला लाइट अँड साऊंड शो, दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक बेट, मग नील बेट, आणि परत येताना एक रात्र पोर्ट ब्लेअर, ती पण विमान सकाळचं असतं म्हणून. मला हे आधीही पटत नव्हतं आणि आता चार रात्री तिथेच राहून आल्यावर तर अजिबातच पटत नाही. आईच्या गुडघ्यांना बोटीतली चढउतार झेपणार नव्हती म्हणून आम्ही हॅवलॉक-नील काढूनच टाकलं होतं, ज्यांना ज्यांना सांगितलं ते म्हणाले अगं मग अंदमानला जातेसच कशाला. म्हणून हे सविस्तर लिहितेय. या शहरासाठीच जा. समुद्र आहे, चांगले बीच आहेत, ब्रिटिशांच्या काळातल्या इमारती आहेत, आणि हे सगळं ज्यांनी घाम गाळून उभं केलं त्यांची पतवंडं आज तुमची गाडी चालवतायत, तुम्हाला चहा देतायत.

आधी नावाचं सांगते कारण सगळे विचारतात. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजय पुरम केलं. बोर्डांवर नवीन नाव दिसतं, बोलताना मात्र आम्हाला भेटलेले सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणत होते, म्हणून मी पण इथे तेच लिहितेय. ब्लेअर म्हणजे आर्चिबाल्ड ब्लेअर, बॉम्बे मरीनचा लेफ्टनंट, म्हणजे आपल्या मुंबईच्या आरमारातला माणूस. त्याने या किनाऱ्याची मोजणी केली आणि 1789 मध्ये चॅथम बेटावर पहिली वसाहत झाली. ती टिकली नाही, 1792 मध्ये उत्तरेला हलवली, तिथे रोगराईने माणसं मरायला लागली आणि 1796 मध्ये सगळं गुंडाळून इंग्रज निघून गेले. मग साठेक वर्षं इकडे कुणी वसाहत केली नाही. 1857 चा उठाव झाला, एवढ्या बंडखोरांना ठेवायचं कुठे हा प्रश्न आला आणि 10 मार्च 1858 ला डॉक्टर वॉकर 200 कैदी घेऊन इथे उतरला. आपल्याकडची शहरं बंदरामुळे वाढली, बाजारपेठेमुळे वाढली, एखाद्या राजाने वसवली. हे शहर 200 कैद्यांपासून सुरू झालं. जंगल तोडलं त्यांनी, दलदली भरल्या त्यांनी, रस्ते केले त्यांनी, आणि नंतर स्वतःला कोंडायचा तुरुंगही त्यांनीच बांधला.

आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी गेलो होतो. पहिल्याच संध्याकाळी पाच वाजायच्या आत सूर्य बुडाला आणि आई घाबरून घड्याळ हलवून बघायला लागली. कारण साधं आहे, पोर्ट ब्लेअर मुंबईच्या जवळजवळ 20 रेखांश पूर्वेला आहे पण घड्याळ तेच, भारतीय वेळेचं. सकाळी साडेपाचलाच लख्ख उजेड. त्यामुळे तुमची रोजची सवय घेऊन गेलात, आठ वाजता उठून दहाला बाहेर, तर अर्धा दिवस वाया गेला समजा. आम्ही रोज सहाला बाहेर पडायचो, दुपारी जेवून झोपायचो आणि साडेतीनला परत निघायचो, हे वेळापत्रक एकदम फिट बसलं. पाऊसही मधूनमधून येऊन गेला, तासभर धो धो आणि मग स्वच्छ ऊन. छत्री बॅगेत ठेवाच.

जेलबद्दल सगळ्यांनी लिहिलंय तरी मी लिहिणारच, कारण शोच्या आधीच्या पाऊण तासात ते बघून होत नाही. आम्ही सकाळी जेल उघडताच गेलो आणि तीन तास होतो. 1896 मध्ये बांधायला घेतलं, 1906 मध्ये पूर्ण झालं. मध्ये एक मनोरा आणि त्यातून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात लांब इमारती, तीन मजली, मिळून जवळपास 700 कोठड्या. आणि एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर फक्त भिंत दिसावी, माणसाचा चेहरा दिसू नये. वर चढून व्हरांड्यातून चालताना हे जाणवतं, फोटोत नाही जाणवत. आज सातपैकी तीनच उरल्यात, बाकीच्या भूकंपात, महायुद्धात आणि नंतरच्या पाडापाडीत गेल्या आणि त्यांच्या जागेवर आता सरकारी हॉस्पिटल आहे, आवारात ओपीडीची गर्दी, डबे घेऊन जाणारे नातेवाईक. मला ते बघून बरं वाटलं, खरं सांगते. जिथे माणसं मारली गेली तिथे आता बाळं जन्माला येतात.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिली ती कडी. कोठडीचं दार लोखंडी गजांचं, त्याची कडी म्हणजे एक लांब जाड दांडा, तो भिंतीतल्या भोकातून आरपार जातो आणि दारापासून चांगल्या हातभर अंतरावर, भिंतीत कोरलेल्या एका कोनाड्यात त्याला कुलूप लागतं. म्हणजे आतल्या माणसाने गजातून हात बाहेर काढला, खांद्यापर्यंत काढला, तरी कुलपाला बोट लागत नाही. आई कोठडीत जाऊन उभी राहिली, मी बाहेरून दार लोटलं, तिने गजातून हात घातला आणि चाचपडायला लागली. पदर खोचला, तिरकी झाली, गाल गजाला टेकवला तिने. नाहीच पोचला हात, चार बोटं कमी पडली. म्हणाली, हे ज्याने डोक्यातून काढलं त्याने बसून माप घेतलं असणार गं. हातांची मापं घेतली असणार. मी पटकन दार उघडलं.

खोली साधारण साडेचार मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद, आणि मागच्या भिंतीत तीन मीटर उंचावर एक झरोका. बस. खाली आवारात तेलाचा घाणा ठेवलाय, त्याला बैलाच्या जागी माणूस जुंपायचे, रोज 30 पौंड खोबरेल काढायचं आणि कमी भरलं की फटके. फटके मारायची तिकाटीही तिथेच आहे, पुतळ्यासकट. शेजारी फाशीघर, एका तुळईला तीन दोर. आईने आत पाय ठेवला नाही.

सावरकरांची कोठडी सातव्या नंबरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला. 4 जुलै 1911 ला त्यांना इथे आणलं. मोठे भाऊ बाबाराव आधीपासूनच याच जेलमध्ये होते, आणि एकाच भिंतीच्या आत असून कित्येक दिवस दोन भावांची साधी भेट नाही. आईने शाळेत असताना हे सगळं वाचलेलं, ती हात जोडून बराच वेळ उभी राहिली. मागे लोक फोटोसाठी थांबलेले, तिने कुणाकडे बघितलं नाही. मग आम्ही मधल्या मनोऱ्यात गेलो, तिथे संगमरवरावर प्रांतवार नावं कोरलीत. मुंबई प्रांताची नावं अगदी मोजकी, बंगाल आणि पंजाबची मात्र संपता संपत नाहीत. आपण मराठी माणसं तिथे जातो ते एका नावासाठी जातो, ते योग्यच आहे, पण कृपा करून त्या पाट्या पण वाचा. 1933 च्या उपोषणात जबरदस्तीने नळीने दूध घालताना ते फुप्फुसात जाऊन महावीर सिंग गेले, मोहित मोइत्रा आणि मोहन किशोर नामदास हेही त्याच उपोषणात गेले. मला ही तीन नावं त्या दिवसापर्यंत माहीत नव्हती.

आणि ज्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत असे हजारो. खून केलेले, दरोडा घातलेले, आणि कोण जाणे, काही न करताही अडकलेले. दादा दुपारी घ्यायला आले तेव्हा आईने त्यांना विचारलं की तुमच्या पणजोबांनी काय केलं होतं. मी तिला डोळ्याने गप्प करत होते. त्यांना काहीच वाटलं नाही, म्हणाले जमीन के झगड़े में किसी को मार दिया था, और परदादी का कोई नहीं बताता. मग त्यांनी सगळी पद्धत समजावून सांगितली. साधारण दहा वर्षं नीट काढली की कैद्याला तिकीट मिळायचं, सेल्फ सपोर्टर म्हणायचे, म्हणजे तुरुंगाबाहेर राहायचं, जमिनीचा तुकडा कसायचा, पण बेट सोडायचं नाही. बायका कैद्यांचा तुरुंग वेगळा, साऊथ पॉइंटला. त्यांच्यातून लग्न जमवायची परवानगी मिळायची. जात कोण विचारणार, प्रांत कोण विचारणार, भाषा तर दोघांना एकमेकांची येतच नसायची, म्हणून मग हिंदुस्तानी. त्यामुळे या बेटांवर बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडचे, सगळे असूनसुद्धा भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे हिंदीच ऐकू येते. शहरात शादीपूर नावाची वस्तीच आहे, अशी लग्नं लागलेल्यांचे संसार तिथे थाटले गेले असं दादा म्हणाले. 1942 च्या आधीपासून इथे असलेल्या या घरांना लोकल बॉर्न म्हणतात, आणि ते हे अभिमानाने सांगतात.

आई घरी जातपात फार मानणारी नाही, पण चार माणसांसारखी विचारणारी आहे. ती गाडीत बसून म्हणाली, म्हणजे इथे सगळ्यांनी सगळं नव्याने मांडलं.

दुसऱ्या दिवशी रॉस. 2018 पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप हे नाव आहे. ॲबर्डीन जेट्टीवरून बोटीने दहा-पंधरा मिनिटं, शहरातून समोरच दिसतं. तिकिटासाठी मात्र आम्हाला दोन तास रखडवलं, एकाने सांगितलं या खिडकीवर, दुसऱ्याने सांगितलं त्या, आणि म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा नाही, हे सुधारायलाच हवं. पण बोट निघाल्यावर वारा लागला आणि राग गेला.

हे एवढंसं बेट 1858 पासून महायुद्धापर्यंत सगळ्या अंदमानची राजधानी होतं. कैदी तिकडे, साहेब इकडे, मध्ये पाणी. चीफ कमिशनरचा बंगला, चर्च, नाचायचा हॉल, टेनिस कोर्ट, पोहायचा तलाव, बेकरी, छापखाना, पाणी शुद्ध करायचा कारखाना. 1941 च्या जूनमध्ये मोठा भूकंप झाला आणि 1942 मध्ये जपानी आले, त्यानंतर साहेब परत राहायला आले नाहीत. आता या सगळ्या इमारती वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी धरून ठेवल्यात. धरून म्हणजे अक्षरशः. चर्चच्या भिंतीवरून मुळं अशी उतरलीत की कुठे वीट संपते आणि कुठे मूळ सुरू होतं ते हात लावल्याशिवाय कळत नाही. एका खिडकीच्या चौकटीत मुळानेच नवीन चौकट केलीय, आतली लाकडाची कधीच कुजून गेली असेल, तिचा आकार फक्त मुळाने लक्षात ठेवलाय. हरणं जवळ येतात, इंग्रजांनीच शिकारीसाठी आणलेली चितळं, त्यांचा वंश. एका चितळाने आईच्या पिशवीत तोंड घातलं आणि तिला आयुष्यभराचा आनंद दिला. वर चढण आहे पण बॅटरीवर चालणारी गाडी मिळते, ज्येष्ठांसाठी ती घ्याच.

स्मशानभूमी पण बघा तिथली. आईने लहान मुलांच्या थडग्यांवरची वयं वाचली, काही महिने, काही दिवस. ती म्हणाली, यांच्याही आया इथे रडल्या असतील. मला त्यावर काही बोलता आलं नाही.

जेट्टीजवळच एक स्मारक आहे ज्याच्यापुढे कुणी थांबत नाही. ॲबर्डीनची लढाई, मे 1859. म्हणजे इथले मूळ रहिवासी, ग्रेट अंदमानी, आपलं जंगल तोडलं जातंय हे बघून धनुष्यबाण घेऊन इंग्रजांच्या वस्तीवर चालून आले. आणि त्यांचा बेत इंग्रजांना आधीच कळला, तो कसा, तर दूधनाथ तिवारी नावाचा एक कैदी वर्षभरापूर्वी पळून जंगलात गेला होता, अंदमानी लोकांनी त्याच्याबरोबरच्यांना मारलं, याला मात्र ठेवून घेतलं, त्याचं लग्नही झालं त्यांच्यात, आणि हल्ल्याच्या आधी तो येऊन सगळं सांगून गेला. त्याला शिक्षेतून सूट मिळाली. बाणांचं तोफा-बंदुकांपुढे काय चालणार. त्यानंतर रोगराईने तर त्यांचा समाजच संपवत आणला, आज ग्रेट अंदमानी जेमतेम पन्नास-साठ उरलेत. मी या तिवारीचा फार विचार केला. मायदेशी परत जायची ओढ किती असेल ते समजतं, आणि जंगलात मागे राहिलेल्या बायकोचं काय झालं असेल तेही मनातून जात नाही. स्वातंत्र्याच्या लढ्यातल्या कैद्यांचं शहर म्हणून आपण इथे येतो, पण या शहराची जमीन कुणाकडून घेतली ते त्या एका दगडावर लिहिलंय.

आता बीच. कॉर्बिन्स कोव्ह शहरापासून अगदी जवळ, अर्धचंद्रासारखा किनारा, माडांची रांग, वाळू मऊ. आम्ही तिथे दोनदा गेलो आणि सकाळी साडेसहाला गेलो, त्या वेळी आम्ही, दोन कुत्री आणि जाळं आवरणारा एक कोळी, बाकी कुणी नाही. संध्याकाळी तिथे जेट स्की आणि स्पीकर असतात, मला ते नाही आवडलं. एक गोष्ट गंभीरपणे सांगते, अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, तसे बोर्ड लावलेले असतात, ते शोभेचे नाहीत. लाइफगार्ड जिथे सांगेल तिथेच उतरा. आई पाऊलभर पाण्यात साडी धरून उभी राहिली आणि अर्धा तास काही बोलली नाही, लाट आली की फक्त बोटं वाळूत रोवायची.

त्या रस्त्याला समुद्राकडे तोंड करून सिमेंटचे ठोकळे दिसतात, ते जपानी बंकर. 23 मार्च 1942 ला जपानी उतरले आणि महायुद्ध संपेपर्यंत होते. आपल्याला शाळेत एवढंच शिकवलं की 30 डिसेंबर 1943 ला नेताजींनी इथे तिरंगा फडकवला. ते खरंच आहे, त्याची आठवण म्हणून किनाऱ्यावर उंच झेंडा लावलाय आणि तिथे उभं राहिल्यावर ऊर भरून येतो. पण दादांनी दुसरी गोष्ट सांगितली, ती मी नंतर जेलमधल्या पाटीवरही वाचली. त्याच दिवसांत त्याच सेल्युलर जेलमध्ये जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून भारतीयांना डांबलं होतं. पंजाबी कवी आणि डॉक्टर दिवाण सिंग त्यांच्यातच होते, नेताजी परत गेल्यानंतर दोन आठवड्यांनी, 14 जानेवारी 1944 ला, छळामुळे त्यांचा जीव गेला. 30 जानेवारीला हमफ्रेगंजला 44 जणांना गोळ्या घातल्या, तेही इंडियन इंडिपेन्डन्स लीगचे, म्हणजे आपलेच स्वातंत्र्यवाले. तिथे बलिदान वेदी आहे. वंडूरच्या किनाऱ्याला जाताना थोडा रस्ता बदलून दादांनी आम्हाला नेलं, त्यांनी स्वतः चपला काढल्या, आम्हीही काढल्या. लहानपणी त्यांची आजी जपान्यांच्या दिवसांतल्या उपासमारीचं सांगायची म्हणे, आणि सांगता सांगता ताटातलं शीतही टाकू द्यायची नाही.

वंडूरचा रस्ता मला फार आवडला. या भागातल्या गावांची नावं ऐका, मन्नारघाट, कालिकत, मंजेरी, तिरूर, वंडूर. सगळी केरळची. 1921 च्या मोपला उठावानंतर मलबारातून ज्यांना इथे धाडलं त्यांनी आपापल्या गावांची नावं इथल्या जंगलाला दिली. आई एकदम म्हणाली, बघ, यांनी गावं बरोबर आणली. दादा हसले.

वाटेत सिप्पीघाट लागतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी, मधे मधे सुकलेले माडांचे बुंधे, बगळे, आणि इतकं शांत की मला वाटलं नैसर्गिक खाडीच आहे. ती भातशेती होती. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात इथली जमीनच साधारण मीटरभर खाली बसली. आपण त्सुनामी म्हणतो तेव्हा लाट आली आणि गेली असं डोळ्यासमोर येतं, इथे लाट गेली पण पाणी गेलंच नाही, कारण जमीनच खाली गेलेली. भरतीचं खारं पाणी शेतात येतच राहिलं आणि शेती कायमची संपली. वंडूरच्या किनाऱ्यावर पण मोठमोठी झाडं आडवी पडलेली, ऊन-पाण्याने पांढरी झालेली, मुळांसकट. लोक त्यावर बसून फोटो काढतात, आम्हीही काढला, पण आधी ती कशी पडली ते दादांकडून ऐकून मग काढला. इथूनच जॉली बॉय बेटावर बोटी जातात, प्लॅस्टिक अजिबात नेऊ देत नाहीत हे उत्तम आहे. आम्ही गेलो नाही. आणि कुठल्याही बीचवरचा शंख, शिंपला, पोवळ्याचा तुकडा उचलून आणू नका, बंदी आहे, एअरपोर्टवर बॅगा उघडायला लावतात आणि समोरच्या बाईंची चिमुकली मुलगी त्या शिंपल्यांसाठी किती रडली ते मी बघितलंय.

चिडिया टापूचा सूर्यास्त चांगला आहे, चार वाजता पोचा. चॅथमची सरकारी सॉ मिल, 1883 पासूनची, तिथे आत शिरल्या शिरल्या पडौक लाकडाचा वास येतो आणि लाल भुसा सगळीकडे, दीड तास सहज जातो, युद्धातल्या बॉम्बचा खड्डा पण ठेवलाय. माउंट हॅरिएटला, म्हणजे आताचं माउंट मणिपूर, धुकं आडवं आलं, जुन्या लाल 20 रुपयांच्या नोटेवरचं दृश्य तिथून दिसतं म्हणतात ते आम्हाला दिसलंच नाही. त्याच डोंगरावरून संध्याकाळी खाली उतरलेल्या व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला 8 फेब्रुवारी 1872 ला शेर अली आफ्रिदी या कैद्याने जेट्टीवर भोसकून मारलं.

जेवण म्हणाल तर ॲबर्डीन बाजारात तमिळ मेस भरपूर आहेत, आई शाकाहारी, तिची चंगळ. मला सुरमई रोज मिळाली, आणि इथेही तिला सुरमईच म्हणतात.

शेवटच्या दिवशी विमान दुपारचं होतं. दादांनी सकाळी गाडी त्यांच्या घरापाशी थांबवली, न विचारताच. पत्र्याचं छप्पर, दारात जास्वंद, त्यांच्या बायकोने शहाळी कापून ठेवलेली. त्यांच्या आई आतून आल्या, साधारण आमच्या आईच्याच वयाच्या. दोघी पायरीवर बसल्या. त्यांच्या घरात दिवाळीपण होते आणि मावशीच्या घरून ईदचं पण येतं, पणजीचा एक तांब्या अजून आहे, तो त्यांनी आणून दाखवला, पितळेचा, बुडाला चेपलेला, गळ्याशी ठिपक्यांची एक ओळ. मद्रासहून आणलेला की इथे घेतलेला ते माहीत नाही. आईने तो दोन्ही हातांनी धरला, पदराने पुसला आणि परत दिला.

चेन्नईला उतरल्यावर मावशीचा फोन आला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, सावरकरांची कोठडी बघितलीस ना गं? आई म्हणाली, हो हो, बघितली, नमस्कार केला तुझाही. आणि ऐक ना, तिथे एक बाई होती, मद्रासकडची, तिचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही, तिचा तांब्या आहे बघ अजून.